पंजांकडे बघ

बिबट्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बसला होता. लतिकानं खाली पाहिलं आणि हातातली सांडशी आवाज न करता ओट्यावर ठेवली.

घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामधला तो बोळ जेमतेम चार फुटांचा. मागचं तोंड विटांच्या ढिगानं बंद. भिंतीवर रोवलेल्या काचांनी बिबट्याचा मागचा पाय फाडला होता. तो पाय चाटत होता. पलीकडच्या प्लॉटवर मजूर फरशी कापत होते आणि प्रत्येक आवाजाला त्याचे कान मागे जात होते.

"बाबा," ती सासऱ्यांच्या खोलीत जाऊन हळूच म्हणाली, "बोळात बिबट्या आहे."

पद्माकररावांनी येऊन खिडकीच्या जाळीतून बराच वेळ पाहिलं. शहाण्णवचा एप्रिल. गुडगावच्या त्या नव्या सेक्टरात घरं विरळ होती, फोन कुणाकडेच आला नव्हता. रस्त्यापलीकडे कीकरची, काटेरी बाभळींची, झाडी सुरू व्हायची.

घड्याळात एक पस्तीस झाले होते. पावणेदोनला इशिताची स्कूलबस फाटकासमोर थांबायची, आणि सहा वर्षांची इशिता उतरली की धावतच आत यायची.

"गच्चीवरून मजुरांना हाक मारू?"

"लोक काठ्या घेऊन येतील. मग हा कुणाच्या तरी अंगावर जाईल."

पद्माकरराव नौदलात पाणबुडे होते. एकदा शार्कच्या समोरून जिवंत वर आले होते, हे लतिकाला ठाऊक होतं.

"शार्क समोर आला तेव्हा काय केलंत?"

"काही नाही. त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू वर आलो. त्याला कुठं जायचं नव्हतं, सगळं पाणी त्याचंच. हा अडकलाय. वाट मिळाली की जाईल." ते थांबले. "जायला हवा."

फाटक उघडायला म्हणून त्यांनी चपला घातल्या. पण फाटकाची कडी खाली जमिनीलगत होती, आणि ऑपरेशननंतर त्यांचा गुडघा वाकत नव्हता. लतिकानं त्यांना दारातच अडवलं.

"मी जाते. तुम्ही खिडकीतून आवाज करा."

त्यांनी चपला काढून ठेवल्या. मग म्हणाले, "शार्कवरची नजर काढायची नसते. याच्या डोळ्यांत बघायचं नाही."

"मग कुठं बघू?"

"पंजांकडे बघ. पळू नकोस, पाठ फिरवू नकोस. फाटक आत उघडतं. ते ओढून घे आणि त्याच्यामागे भिंतीला चिकटून उभी राहा."

लतिका बाहेर पडली. बोळाच्या तोंडाशी पुढचे दोन पंजे दिसत होते. ती तिरकी चालत राहिली. फाटकाशी पोचून ती वाकली. रंगानं कडी चिकटली होती. तिनं ओढली, हलली नाही. एक पंजा उचलला गेला आणि पुढं टेकला. तिनं दोन्ही हातांनी कडी ओढली.

फाटक उघडलं. फाटकाचा पत्रा उन्हानं तापला होता, तळवे भाजले तरी तिनं तो छातीशी ओढून धरला.

आत परात वाजू लागली. सिमेंटवर नखं खरवडली. काहीतरी जड पत्र्याला घासत गेलं, पत्रा तिच्या गालावर दाबला गेला. उग्र वास आला. ती श्वास रोखून उभी राहिली. परात वाजतच होती.

हॉर्न ऐकू आला तेव्हा तिनं फटीतून पाहिलं. रस्ता मोकळा होता. पलीकडे कीकरची एक फांदी हलत होती.

"मम्मी, आजोबा थाली का बजावतायत?" इशितानं बसमधून उतरताच विचारलं.

लतिकानं तिला उचललं, आत नेलं आणि दार लावलं. परात अजून वाजत होती. तिनं ती सासऱ्यांच्या हातातून घेतली. त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

"गेला, बाबा. झाडीत गेला."

ते खुर्चीत बसले. इतका वेळ जागच्या जागी उभे असूनही त्यांना धाप लागली होती.

"शार्क दिसला होता, त्या पाण्यात पुन्हा उतरलात?"

"नाही," ते म्हणाले. "बदली मागून घेतली."

लतिका इशिताला कडेवर घेऊन तशीच उभी राहिली. स्वतःचं म्हणून बांधलेल्या या घराच्या भिंतींच्या नव्या रंगाचा वास अजून गेला नव्हता.