एक तास मागे

मोबाइलवर सव्वादहा, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर सव्वानऊ. बाबांच्या खुर्चीत बसून मिहिकाने दोन्हींकडे दोनदा पाहिलं. घड्याळ अजून तसंच होतं.

"बारा वाजता हे मशीन दुसऱ्या टेबलावर जाणार, ताई," फैज म्हणाला. "फोटोबिटो असतील ते काढून घ्या." फैज मूळचा रत्नागिरीचा. शारजातल्या हमरिया बंदरावरच्या या शिपिंग ऑफिसात दहा वर्षं तो बाबांच्या शेजारी बसला होता.

"फोटो नंतर. आधी घड्याळ."

ती लंडनला नोकरीला गेल्यापासून वर्षातून दोनदा बाबांचा फोन यायचा. मार्चच्या शेवटी हे घड्याळ एक तास पुढे पळायचं, ऑक्टोबरच्या शेवटी एक तास मागे पडायचं. एरवी बाबा उगाच फोन करणाऱ्यांतले नव्हते.

"राइट क्लिक करा, बाबा."

"राइट म्हणजे उजवं बटण ना गं?"

असं करत अर्धा तास जायचा. मध्येच थंडी किती आहे, जेवलीस का. ती वैतागायची, पण आतून सुखावायचीही. शंभर जहाजांच्या वेळा तोंडपाठ असलेल्या माणसाचं एवढं एकच तिच्यावाचून अडत होतं.

गेल्या ऑक्टोबरात ती म्हणाली होती, "मीटिंगमध्ये आहे, रविवारी बघते." तो रविवार राहूनच गेला. जानेवारीत बाबा गेले.

"फैजभाई, खरं सांगा. तीन महिने हे चुकीचं चाललं. त्यांच्या हातून काही घोटाळा झाला? कोणी बोललं त्यांना?"

"काकांना कोण बोलणार? मॅनेजर त्यांना विचारल्याशिवाय सुट्टी घेत नव्हता." फैज हसला. "आणि तुमचं कौतुक तर विचारू नका. दर मार्चला अख्ख्या ऑफिसला ऐकवायचे, 'माझी मुलगी लंडनहून माझं घड्याळ लावते.' ऐकून ऐकून आम्ही खलास!"

मिहिकाने सेटिंग उघडलं. फोनवर ती नुसते तासच बदलायला सांगायची. खोलात शिरलं की बाबा गोंधळतील, म्हणून. आता दोष लगेच दिसला. ठिकाण म्हणून लंडन निवडलेलं होतं आणि वर वेळ हाताने तीन तास पुढे सरकवलेली. साहजिकच उन्हाळ्या-हिवाळ्यासाठी तिकडची घड्याळं तासभर पुढेमागे झाली की हेही बदलायचं.

"कुठल्या बावळटाने लावलं हे? इथे घड्याळ कधी बदलतच नाही. एका मिनिटाचं काम होतं."

तिने इथल्या वेळेसाठी यादीतलं अबू धाबी निवडलं, वेळ इंटरनेटवरून आपोआप घ्यायला लावली. स्क्रीनवर दहा वीस झाले. तिने मोबाइल शेजारी धरून पाहिला. मिनिटालाही फरक नव्हता.

"झालं, बाबा," ती पुटपुटली. मग ताठ बसत म्हणाली, "बाकीची मशीनही बघून देते. सगळ्यांनाच त्रास होत असेल."

"नको ताई. बाकीची चाळीसच्या चाळीस बरोबर आहेत." फैज जरा घुटमळला. "हेही मी ऑक्टोबरात लावणार होतो. काका म्हणाले, हात लावू नकोस, मिहिकाचा फोन यायचाय."

"मग बाकीची कोणी लावली?"

"काकांनीच. ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर तेच बघायचे ना. मलाही त्यांनीच शिकवलं."