सीटखालचं बटण

चाचणी जमली तर चारुदत्त देवपुजारींच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. अपहरण झालेलं प्रवासी विमान जमिनीवर बसून उतरवणाऱ्या त्यांच्या यंत्रणेला परवानगी, तिच्यावर त्यांचं नाव, आणि 'रिमोटवाले काका' म्हणून चिडवणाऱ्या अख्ख्या ब्राह्मणपारा मोहल्ल्याचं तोंड बंद. जाणार होता फार तर जीव. कारण नियमही त्यांचाच: ज्यानं कुलूप बनवलं, त्यानंच आत बसून अपहरणकर्ता व्हायचं.

"बाबा, विमान आता माझं," हेडफोनात गंधालीचा आवाज आला. लेक खाली धावपट्टीजवळ, विमान चालवायच्या टेबलाशी बसली होती.

शेजारी वैमानिक विशालनं हात काढून घेतले आणि खिशातून शेंगदाणे काढले. "घ्या सर. आता मले काही काम नाही."

विमान आपलं आपण वळलं. खाली तेलीबांध्याचं तळं तिरकं झालं. चारुदत्तांच्या अंगावर काटा आला, डोळे भरून आले. वीस वर्षं कागदावर असलेली गोष्ट चारशे मीटरवर उडून राहिली होती.

मग तळं आणखी तिरकं झालं.

लेकीच्या स्कूटीवर मागं बसून सदर बाजारात दोन्ही पाय रस्त्याला घासत जाणारा हा माणूस. आपल्या सीटखाली त्यांनी गुपचूप एक बटण बसवलं होतं. दाबलं की विमान परत आतल्या माणसाच्या ताब्यात. कुणाला सांगणार कसं? बोटं अपहरणकर्त्यालाही असतातच.

त्यांनी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग दाबतच राहिले.

"पोट्टी, जरा हळू घे ना."

"बराबर चालून राहिलं बाबा. आप बस बैठो."

धावपट्टी समोर आली, रुंद होत गेली आणि चाकं टेकली. विशालच्या तळहातावरचे शेंगदाणे जागचे हलले नाहीत.

खाली टाळ्या, पेढे, फोटो. गंधाली पळत येऊन गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "बटण परवा सापडलं मले."

चारुदत्तांनी हातातला पेढा परत डब्यात ठेवला. "मग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही सांगितलं होतं? विमानापासून तोडलं, नि चाचणीच्या मोजणीला जोडून दिलं."

तेवढ्यात तपासणी अधिकारी शर्मिष्ठा मॅडम अहवाल घेऊन आल्या. यंत्रणा मंजूर. नाव चारुदत्तांचंच. "तुमच्या अपहरणकर्त्यानं मात्र जीव तोडून प्रयत्न केला हो," त्या कौतुकानं म्हणाल्या. "इथं सही करा."

चारुदत्तांनी चष्मा लावला.

विमान परत मिळवण्याचे आतून झालेले प्रयत्न: सत्तावीस. यशस्वी: शून्य.

खाली ठिपक्यांची एक रेघ होती, आणि तिच्याखाली छापलेलं होतं, 'अपहरणकर्त्याची सही'.