हलका चाप

पिस्तूल स्वयंपाकघरातील मेजावर, वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवलेले होते, आणि तिहोमीर त्याच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करीत होता. तो खुर्चीवरून उठला, खिडकीपर्यंत गेला, परत येऊन बसला. परवान्याचा कागद कोटाच्या आतल्या खिशात होता. तो त्याने बाहेरूनच चाचपून पाहिला.

"बसा की भावजी. दाढ दुखत असल्यासारख्या काय फेऱ्या मारताय?" चुलीपाशी पाठमोरी उभी राहून कॉफी ढवळीत स्तामेना म्हणाली. तिचा नवरा वुकाशिन, जो तिहोमीरचा जन्मभराचा मित्र होता, त्याला जाऊन पाच महिने झाले होते. "सहा महिन्यांच्या स्मरणविधीआधी त्यांचं हे पिस्तूल घरातून गेलेलं बरं. झोप लागत नाही मला."

"घ्यायचं तर आहेच, वहिनी. पण रोसांदा म्हणते, ते आत आलं की मी बाहेर," तिहोमीर आपल्या बायकोविषयी म्हणाला.

"मग जाईल कुठं?"

"नीशला, बहिणीकडे."

"बहीण दोन दिवसांत परत पाठवील. तिच्या जिभेपुढं पिस्तूल परवडलं!" स्तामेना हसली. "तुमच्या शेजारची मिल्का भेटली होती बाजारात. तुमच्या परवान्यासाठी पोलीस तिच्याकडे चौकशीला गेलेला. तिनं काय सांगितलं, ठाऊक आहे? म्हणे, त्या घरात कोंबडी कापायची झाली तर बायको कापते, हा बाबा माळ्यावर जाऊन बसतो."

"हे तिनं चांगलं सांगितलं की वाईट?"

"परवाना मिळाला ना? मग चांगलंच."

तिहोमीरही हसला, तथापि त्याचे चित्त स्थिर झाले नाही. घरी चार वर्षांची नात दुन्या होती, आणि ती अशा वृत्तीची होती की कुलूप दिसले म्हणजे प्रथम किल्लीचा शोध घेई. परंतु दुसऱ्या बाजूला एकतीस वर्षे होती. एकतीस वर्षे त्याने क्रागुयेवाचच्या कारखान्यात याच जातीची, ज्यांना सारे 'टेटे' म्हणतात ती पिस्तुले हाताळली होती. सहस्रावधी पिस्तुले त्याच्या बोटांखालून निघून गेली, पण हे माझे, असे म्हणावे असे एकही त्याच्यापाशी राहिले नव्हते.

त्याचे काम एकच होते. नखाएवढा एक पोलादी तुकडा आत बसवावयाचा. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बाहेर काढले की तो तुकडा आडवा येई आणि चाप निष्प्राण होई. कामगार त्या तुकड्याला 'सासू' म्हणत, कारण ती घरात असेतोवर कोणाचे काही चालत नसे. त्या सासूच्या भरवशावर सारे खाते निर्धास्त होते. मॅगझिन काढावे, घोडा मागे करावा, समोर कोणीही असो, चाप दाबावा; तो हलला नाही म्हणजे माल पास. दिवसातून दोनशे वेळा.

अखेरीस त्याने पिस्तूल उचलले. त्याचे वजन तळहाताला तत्काळ ओळखीचे वाटले. त्याने मॅगझिन काढले. ते रिकामे होते. ते त्याने कडेला ठेवले. अंगठ्याने घोडा मागे केला, हात लांब केला, एक डोळा मिटला. समोर चूल होती, चुलीपुढे स्तामेना होती, आणि तिच्या पाठीवर एप्रनची गाठ होती. त्याच्या बोटाने मनाला न विचारताच आपले जुने काम केले.

खट्.

तिहोमीरचा हात जेथे होता तेथेच राहिला. हा आवाज व्हावयासच नको होता. सासू घरात नव्हती. चाप हलका व्हावा म्हणून वुकाशिनने ती केव्हातरी काढून टाकली होती, आणि इतक्या वर्षांच्या मैत्रीत एका अक्षराने सांगितले नव्हते.

त्याने नळी चुलीपासून दूर, कोपऱ्यातील लाकडांच्या ढिगाकडे वळविली. गोळी कधी उशिरानेही सुटते, म्हणून ओठांतल्या ओठांत साठपर्यंत आकडे मोजले. मग वरचे पोलादी आवरण मागे ओढले. नळीत राहून गेलेले एक काडतूस उडून मेजावर पडले आणि गडगडत जाऊन साखरेच्या भांड्याला टेकले. त्याच्या बुडाशी सुईने पाडलेला खळगा होता. आतली दारू दमट झाली होती, एवढेच; गोळी न सुटण्यास यापरते दुसरे कोणतेही कारण नव्हते. त्याने काडतूस डोळ्यांजवळ नेले. खळगा एका घावाचा नव्हता.

"काय झालं हो?" स्तामेनाने मागे न पाहता विचारले.

"काही नाही." त्याला स्वतःचा आवाज परका वाटला. "वहिनी, मी हे घेत नाही. आणि इथंही राहू देत नाही. उद्या सकाळी आपण दोघं जाऊन चौकीत जमा करू."

"अहो पण का? परवाना काढलात, सगळ्या गावाला पत्ता लागला..."

"वहिनी, माझ्याआधी कुणी हातात घेतलं होतं का हे?"

"घेतलं होतं की. गेल्या आठवड्यात दोघं येऊन गेले, तुमच्याच खात्यातले. त्या खुर्चीवर बसले आणि दोघांनीही असंच खट् केलं. म्हणाले, चाप काय सुरेख हलका आहे! पण किमतीवर अडलं." तिने दोन पेले आणून मेजावर ठेवले आणि पदार्थ चांगला झाला की नाही हे पाहणाऱ्या बाईसारखी ती त्याच्या तोंडाकडे पाहू लागली. "घ्या, निवेल. तेव्हाही मी कॉफीच करत होते."