बाईंची गाठ

देशातल्या पहिल्या महिला सर्जन म्हणून ज्यांचा फोटो जिन्यात लावलाय, त्या बाईंनी मरणोत्तर देह आमच्याच कॉलेजला दिला. सर्जरीची विभागप्रमुख मी, त्यांचीच विद्यार्थिनी, त्यामुळे ताब्यात घ्यायला मीच गेले. चादर बाजूला केली, तर डाव्या तर्जनीवर टाक्यांचा काळा दोरा बांधलेला. “शेवटच्या दिवशी आत्यानेच बांधलाय,” भाचीने सांगितलं. “तुमच्याशिवाय कुणी सोडायचा नाही, म्हणाली.” बाई कोटाच्या बटणाला दोरा बांधून रोज गाठींचा सराव करायच्या, आम्हालाही करायला लावायच्या. माझी सैल गाठ पाहून म्हणायच्या, “अगं, पोट शिवतेयस की बुटाची नाडी बांधतेयस?” पुढे मला त्यांची खुर्ची हवीशी वाटली. कॉलेजच्या समितीपुढे मी सांगितलं, वयामुळे बाईंची गाठ सरकते. खोटं होतं. बाईंनी वाद न घालता त्याच दिवशी सुरी खाली ठेवली. मी दोऱ्याखाली नख घालून ओढलं. गाठ सरकली नाही.