हुबेहूब गंज

हवेच्या दाबाने रंग फवारणारा एअरब्रश हा कलेचा शत्रू आहे, असं बाबांचं तत्त्व होतं. कॉम्प्रेसरची घरघर घरात चालणार नाही, असं आईने बजावलं त्या दिवसापासून ते त्यांनी कटाक्षाने पाळलं. रणगाड्यांच्या बोटभर लांबीच्या प्रतिकृतींवर ते स्पंजने टिपून टिपून गंज आणत आणि कोरड्या ब्रशने धूळ चढवत.

"फाटकाला एकदा रंगाचा हात मारा हो, मुलीच्या सासरचे यायचेत," आई म्हणायची.

"मारतो गं. आधी हा गंज पुरा होऊ दे."

होणारे व्याही आले तेव्हा फाटक तसंच होतं. गंज मात्र पुरा झाला होता. बाबांनी रणगाडा त्यांच्या तळहातावर ठेवला. व्याह्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो निरखला आणि अगदी मनापासून विचारलं, "कमाल आहे! आणि बाहेर फाटकावरचं कामही तुमचंच ना? तिथे तर गंज खराच वाटतो."

मुलीने मान खाली घातली. आई चहाच्या ट्रेसकट दारातच थांबली. बाबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"हो," ते पुटपुटले. "तेही हातानेच."

"एअरब्रश न वापरता?"

"तत्त्वच आहे आमचं."

निघताना सगळे पोचवायला अंगणात आले. बाबा कुणाकडेही न बघता मागे मागे चालत होते. व्याह्यांनी जाता जाता त्या कामावरून कौतुकाने हात फिरवला.

फाटक रस्त्यावर आडवं झालं.