झडती

२००८ साली सातपूरच्या मूकबधिर मुलांच्या शाळेसाठी ज्योत्स्नाताईंना इंटरनेटवरून देणग्या मिळवायच्या होत्या. दोन वेबसाइट समोर होत्या. पहिलीच्या माणसाने फोनवरच सांगितलं, "ताई, फोटो पाठवा, उद्या तुमची शाळा साइटवर दिसेल." दुसरीकडून मात्र एक बाई न कळवता थेट शाळेत आल्या. त्यांनी वर्ग पाहिले, स्वयंपाकघर पाहिलं, शिवाय शेजारच्या किराणा दुकानातही शाळेची चौकशी केली.

त्या गेल्यावर शाळेतले धम्मपालसर चिडले. "इतकी वर्षं शाळा चालवतोय आपण. चोर समजतात का हे आपल्याला?"

ज्योत्स्नाताईंनाही ते लागलं होतं. तरी त्यांनी त्याच बाईंना होकार कळवायला फोन उचलला.

"सर, पहिल्यांनी आपल्याला न बघताच घेतलं. उद्या एखाद्या चोरालाही ते तसंच घेतील."