सोजरबाईंचा रंग

उजव्या डोळ्याची पट्टी काढून घरी आल्यावर ज्योतीराम थेट भिंतीवरच्या चित्रापुढे जाऊन उभे राहिले.

"हिच्या तोंडाला कुणी हात लावला?"

मुलगा समाधान दारात चपला काढत होता.

"निळी कुणी केली हिला? बोला की."

"कुणीच नाही, आप्पा," सून रुपाली स्वयंपाकघरातून म्हणाली. "चित्र पहिल्यापासून असंच आहे."

बायको सोजरबाई गेल्या त्या वर्षी ज्योतीरामांनी ते आठवणीतून रंगवलं होतं. महाळुंग्याच्या कंपनीत त्यांची सगळी नोकरी गाड्यांना रंग देण्यात गेली होती. रंग मिसळताना त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

त्यांनी उजवा डोळा तळहाताने झाकला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू अजून होता, आणि त्या डोळ्याला सोजरबाई दिसत होत्या, गव्हाळ, हसऱ्या. मग त्यांनी डावा झाकला. गारठ्यात रात्रभर बाहेर राहिलेली कुणी आजारी बाई त्यांच्याकडे बघत होती.

"मोतीबिंदूमुळे तुम्हाला सगळं पिवळट दिसायचं," समाधान म्हणाला. "ते मारायला तुम्ही निळा घालत गेलात."

"आन् तुमी नुसतं बघत बसलात?"

"चित्र झालं तेव्हा तुम्ही म्हणालात, आली बघ परत. मग कोण सांगणार?"

ज्योतीराम खुर्चीत बसले. समाधानने मोबाइलमधला आईचा फोटो पुढे धरला. "यावरून नवीन काढा."

"ही कोण मडमीण? मोबाइलनं पावडर फासलीया तिला."

"मग पुन्हा आठवून काढा."

"तवा ती आठवत हुती. आता डोळं मिटलं तरी ह्ये चित्रच दिसतं." त्यांनी मोबाइल बाजूला सारला. "परवाचं ऑपरेशन न्हाई करायचं. डावा हाय तसा ऱ्हाऊ दे."

"आप्पा, मोतीबिंदू पिकत चाललाय. ठेवला तर डोळा कायमचा जाईल."

"जाऊ दे."

"मग त्या डोळ्याला आईसुद्धा दिसायच्या नाहीत," रुपाली हळूच म्हणाली.

समाधानने पिशवीतून दवाखान्याची फाइल काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. "डॉक्टरांनी काय लिहिलंय ते तरी वाचा."

त्यांनी वाचलं नाही. ते फाइलकडेच बघत राहिले. साधं पारदर्शक प्लास्टिक, पिवळं. त्यांनी आतले कागद काढून टीपॉयवर ठेवले, रिकामी फाइल खिडकीच्या उजेडात धरली, आधी एक डोळा झाकून, मग दुसरा. मग ती समाधानपुढे केली.

"माझ्या डाव्या डोळ्यात ह्योच रंग हाय. ह्यातनं बघ तिला."

"आता हे काय, आप्पा? मला शिफ्टला जायचंय."

"बघ म्हंतो ना."

समाधानने फाइल डोळ्यांसमोर धरली. आधी नुसती पिवळी भिंत दिसली. मग निळसर गालांवर गव्हाळ रंग चढला. ओठ तांबूस झाले. कपाळावरचे थंड फटकारे घामासारखे चमकले. आई नुकतीच चुलीपुढून उठून आली होती आणि त्याला काहीतरी विचारायच्या बेतात होती.

"दिसली?"

समाधानने फक्त मान हलवली.

ज्योतीरामांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ चित्राकडे बघितलं. मग हात खाली घेतला.

"परवा किती वाजता निघायचं?"

समाधानने फाइल अजून खाली घेतली नव्हती.